वरची कातडी, आतली दोरी

काच बसवताना आत्याच्या हातून ती निसटली आणि कड उजव्या मनगटात खोल घुसली. आत्या तसबिरींच्या चौकटी करते. मी तिची भाची, त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत पडदे शिवते. हाती लागलं ते कापड तिच्या हाताला गुंडाळलं आणि तिला हॉस्पिटलात नेलं. सर्जनबाईंनी आत तुटलेलं सगळं जोडलं, वरून टाके घातले आणि हाताला आधाराची पट्टी बांधली.

टाके निघाले तेव्हा जखम छान मिटली होती. आत्या खूश! "लोक उगाच घाबरवतात गं," म्हणत तिनं दुकानात पाऊल टाकताच पट्टी सोडली आणि एक जड चौकट उचलली. आत काहीतरी टचकन तुटलं. अंगठा वाकेचना.

पुन्हा ऑपरेशन झालं. आता बोलणी खावी लागणार म्हणून आत्या मान खाली घालून बसली होती. पण बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"कातडी मिटली म्हणजे हात बरा झाला, असं सगळ्यांनाच वाटतं. पण शरीरात एकसारख्या पेशींचे गट असतात, ऊती म्हणतात त्यांना. ज्याचं त्याचं काम वेगळं. कातडीची वरची ऊती झाकायचं काम करते. ती रोज झिजते, रोज नवी येते, म्हणून चटकन भरते. स्नायू ओढायचं काम करतात, तुमचे धडधाकट आहेत. पण स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते, ती जोडणारी ऊती. तिला रक्त बेताचंच मिळतं. ती सावकाश सांधते. तीच तुटली."

"आणि बोटं बधिर का?" मी विचारलं.

"निरोप नेणारी नस कापली गेली होती. तिला मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पुन्हा वाढत जायचंय. ती सगळ्यांत संथ."

"म्हणजे माझा हात मेलाच की," आत्याचे डोळे भरले.

"मेला नाही हो. आत काम चालू आहे, एवढंच की दिसत नाही."

मग सुरू झाला व्यायाम. अंगठा जरासा वाकवायचा, सोडायचा. तिची वेणी मी घालायचे, तेव्हा ती करवादायची, "केस ओढतेस की सूड घेतेस?"

एका दुपारी ती ओरडली, "अगं, मुंग्या आल्या! तळव्यात मुंग्या आल्या!" मुंग्या येण्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही. आम्ही दोघी हसत सुटलो आणि हसता हसता रडलो.

अंगठा आता वाकतो. तर्जनीचं टोक मात्र बधिरच राहिलं. चौकटीची कड गुळगुळीत झाली का, हे आत्या डाव्या हातानं चाचपते. परवा तिनं एकटीनं पहिली चौकट जोडली. कोपरा तिरका आला. चार शिव्या हासडून तिनं खिळे उपसले आणि पुन्हा जोडायला घेतली.