गिडियनने न सोडलेला चेंडू

मी रग्बीचा चेंडू बोलतोय. शिवणीतून वारा जातो माझा, म्हणून जरा भरभर बोलतो.

माझं पोट म्हणजे डुकराच्या मुताची पिशवी, अंगावर बैलाचं कातडं. कर्कबर्न गावच्या मोच्याने चिलमीची दांडी घालून, गाल फुगवून मला फुंकलं आणि दुकानाच्या दारात टांगलं. दारात टांगलेल्याला माणसं चटकन कळतात. बूट घेणारा आधी टाच बघतो; न घेणारा कातडं हुंगत बसतो.

मला नेलं गिडियन ऑरमिस्टनने. लोकरीचा धंदा करणारा हा गडी स्कॉटलंडकडून इंग्लंडशी खेळून आला होता. देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती गोंड्याची मखमली टोपी तो जेवतानाही काढत नसे.

हार्टलॉ गावाशी सामना होता. गिडियन मला पोटाशी धरून गोलरेषेपलीकडे पडला आणि हार्टलॉच्या मेंढपाळ डँड बर्नेटने पडता पडता मला मिठी मारली. आता कायदा असा, की अशा झटापटीत तिसऱ्याने मधे पडायचं नाही; दुसऱ्याचे हात सोडवून चेंडू जमिनीला टेकवायचा. ज्याचे हात सुटले तो हरला. पंच तेव्हा नसायचा. वाद दोन्ही कप्तानांनी मिटवायचा, म्हणजे मिटवायचाच नाही.

अंधारून आलं.

"सोड की लेका, मेंढ्या वाट बघत असतील," गिडियन म्हणाला.

"तू सोड. शुक्रवारी तुझं लग्न आहे."

कुणीच सोडेना. शेवटी गावकऱ्यांनी दोघांना तसंच हातगाडीवर घालून गिडियनच्या घरी आणलं. मी मधे.

रविवारी चर्चमध्ये स्तोत्राला आम्ही तिघं एकदम उभे राहिलो. पाद्रीबाबांनी एवढंच विचारलं, "चेंडू आपल्याच मंडळीचा आहे ना?"

हात अडकलेले, मग खायचं कसं? गिडियनशी जिचं ठरलं होतं ती इझबेल रोज बार्लीचं सूप आणून दोघांना चमच्याने भरवी.

"मीठ कमी आहे," गिडियन म्हणे. मग मला म्हणे, "दमलास का रे राजा?"

"मीठ बेताचं आहे," डँड म्हणे. "इझबेल, तू जेवलीस का?"

तिची पावलं वाजली की डँडचे तळवे घामेजत. गिडियनचे कोरडे ठणठणीत. कातड्याला सगळं कळतं, पण मालाने कधी गिऱ्हाइकाला सल्ला द्यावा?

शुक्रवारी इझबेलच्या बापाच्या बैठकीत लग्न लागलं, म्हणजे लागायला आलं. पाद्रीबाबा म्हणाले, "वराने वधूचा हात धरावा."

गिडियनने माझ्याकडे पाहिलं.

"सोड त्याला," इझबेल म्हणाली.

"आता? अगं, डँड पार थकलाय! आज-उद्या सुटतोय बघ."

"माझा हात धरायचाय की चेंडू?"

"तुझा हात कुठे पळतोय!"

इझबेल हळूच वळली. "डँड, तू सोडशील?"

त्याने इतक्या पटकन सोडलं, की मी गिडियनच्या छातीवरच आपटलो.

"सुटला!" गिडियन ओरडला. "सगळ्यांनी पाहिलं ना?" आणि मला दोन्ही हातांनी सतरंजीवर टेकवून नाचू लागला. कर्कबर्नकरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि वाजतगाजत मैदानावर नेलं. मागे बैठकीत इझबेल, डँड आणि थंड होत चाललेलं जेवण.

मैदानावर का? तर त्या काळी रेषेपलीकडे टेकवलं तरी गुण नव्हता. मिळायची ती फक्त गोलावर एक लाथ मारायची संधी. गिडियनने टोपी सारखी केली आणि लाथ मारली.

मी खांबाला वळसा घालून नदीत.

शून्याला शून्य. सामना बरोबरीत.

पुढच्या तीन रविवारी चर्चमध्ये इझबेलच्या नावाबरोबर डँडच्या नावाचा लग्नासाठी पुकारा झाला.

आता गिडियन म्हातारा झालाय. टोपीचा गोंडा कसरीने खाल्ला. सूप स्वतःच करतो; चमचा तोंडाशी नेतो, थांबतो. मिठाचं भांडं हाताशी असतं, पण घालत नाही. झोपताना मला उराशी धरतो, दोन्ही हातांनी, घट्ट. पलीकडून ओढायला मात्र कुणी नसतं.

मंडळी, कुणी हार्टलॉला जात असाल तर बर्नेटांच्या घरी निरोप द्या: सामना अजून बरोबरीतच आहे, दोघं या. इझबेलबाई आल्या तर त्यांनीच गिडियनला 'सोड' म्हणावं. मला वाटतं, यावेळी ऐकेल.

जरा लवकर या म्हणावं. वारा थोडाच उ…