किटलीच्या पोटातलं डिपॉझिट

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी, चिनी मातीची चहाची किटली आहे. विलायतेतल्या रॉदरहॅम गावात क्लिफर्ड ऑग्डेन यांच्या स्वयंपाकघरात माझा उभा जन्म गेला. त्यांच्या पत्नी एडनाबाई होत्या तोवर टेबलावर माझंच राज्य होतं. त्या गेल्या, माझ्या बुडाला तडा गेला आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

पुढे क्लिफर्डनी शेजारचं आपलं दुसरं घर बेथन नावाच्या मुलीला भाड्याने दिलं. तिचं रोख डिपॉझिट त्यांनी माझ्या पोटात ठेवलं. म्हणाले, इथे बँकेपेक्षा सुरक्षित! मी फुगून गेले.

पण नाताळच्या आधी त्यांनी माझ्यातल्या थोड्या नोटा काढल्या आणि दुकानातून निळी किटली आणली, सहा कपांसकट. माझ्याच पोटातल्या पैशांनी माझी सवत घरात आली! नंतर छपराच्या कौलांसाठीही माझ्यातच हात गेला. परत भरू, असं ते दर वेळी पुटपुटायचे.

दर रविवारी बेथन चहाला यायची. आल्याची बिस्किटं बुडवत निळीचं कौतुक करायची, चोचीतून एक थेंब सांडत नाही म्हणायची. अगं, तुझी ठेव मी सांभाळतेय, जरा वर बघ की! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग बेथनला शेफिल्डच्या इस्पितळात नोकरी लागली. आईच्या शेजारचं घर मिळत होतं, पण त्याचं डिपॉझिट लगेच भरायचं होतं. तिने आपले पैसे मागितले. क्लिफर्ड लालबुंद झाले. तू भिंती खराब केल्या आहेस, रंगाचे पैसे कापावे लागतील, असं काहीबाही बोलू लागले.

"क्लिफर्ड, डिपॉझिट सरकारमान्य ठेव योजनेत ठेवलं होतं ना?" बेथनने विचारलं. "घरमालकांना तसा कायदाच आहे."

त्यांनी मला खाली काढून टेबलावर आदळलं. "ही माझी योजना!"

बेथनने झाकण उचललं. आत दोन-चार नोटा होत्या. इतक्या वर्षांनी टेबल मिळालं, आणि मला लाजेने लपावंसं वाटलं. शिवाय ही योजना कोण भवानी? न तिला बूड, न चोच, तरी बेथनचा विश्वास तिच्यावर!

भावाकडून उसने घेऊन बेथनने घर धरलं आणि दावा लावला. क्लिफर्ड मला टॉवेलात गुंडाळून कोर्टात घेऊन गेले, आपल्या सचोटीचा पुरावा म्हणून. न्यायाधीशबाईंनी माझं झाकण उचलून आत पाहिलं.

"मिस्टर ऑग्डेन, किटली ही मान्यताप्राप्त योजना नाही."

सगळं डिपॉझिट, वर तेवढाच दंड बेथनला द्या, असा निकाल झाला. त्यासाठी क्लिफर्डना मासेमारीचं सगळं सामान विकावं लागलं. निळीही विकली गेली, कपांसकट. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

पैसे घ्यायला बेथन आली, पण आत बसली नाही. "छपरासाठी लागले हे कोर्टात सांगितलंत, ते आधीच मला म्हणाला असतात, तर मी काहीतरी जमवून थांबले असते," ती म्हणाली. "भिंतींचं खोटं का बोललात?"

आता टेबलावर मीच असते. बुडातून गळते, म्हणून खाली बशी ठेवतात. समोर कप एकच असतो.

मित्रांनो, परक्याची ठेव त्याच्या नावाने, योग्य जागी ठेवा. तडा गेलेल्या किटलीच्या भरवशावर ठेवू नका. आणि चूक झालीच तर ती कबूल करा.

शेफिल्डला बेथनच्या घरी दर रविवारी कुठलीतरी किटली चहा ओतत असेल. तिचा मात्र मला अजून हेवा वाटतो.