लाइट आल्याचं सांगणारी करवत

डोळे मिटा पाहू. असं समजा, उन्हाळ्यातली दुपार आहे. तुम्ही जेवून गार फरशीवर आडवे झाला आहात, डोक्यावर पंखा फिरतोय, शेजारच्या घरात रेडिओ लागलाय. एकदम पंखा मंदावतो आणि थांबतो. रेडिओ गाण्याच्या मधेच गप्प होतो. लाइट गेली. आता तसेच पडून राहा आणि मला सांगा, पंख्याचं बटण चालू आहे की बंद?

बरोबर. चालूच आहे. पंखा थांबला खरा, पण बटणाला कुणी हात लावलेला नाही. एवढं ध्यानात ठेवा म्हणजे पुढचं नीट कळेल.

मोका शहराजवळच्या आमच्या वस्तीत लाइट रोज जाते. कधी तासभर, कधी अख्खी दुपार. परत आली की पोरंसोरं, म्हाताऱ्या, झाडाखाली डॉमिनो खेळणारे बापे, सगळे एका सुरात ओरडतात, ‘लाइट आली’. ती आल्याचं ओळखायची रीत मात्र घराघरात वेगळी. कुणी रेडिओ लावून ठेवतं, कुणी अंगणातला दिवा. एलिहिओ सुतार करवत चालू ठेवायचा.

एलिहिओ झुलत्या खुर्च्या करायचा. घराच्या मागे पत्र्याची पडवी, तिथे त्याची करवत. जुन्या धुलाईयंत्राची मोटर त्याने टेबलाखाली बसवली होती आणि टेबलाच्या फटीतून गोल पातं वर काढलं होतं. पात्यावर झाकण नव्हतं. बटण टेबलाच्या खाली, पात्याजवळच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांब वायर पडवीत गेली होती आणि तिचा प्लग चुलीशेजारच्या भिंतीत होता.

लाइट गेली की एलिहिओ हातातली फळी टाकायचा आणि कोपऱ्यावरच्या आंब्याखाली डॉमिनो खेळायला जायचा. बटण तसंच. लाइट आली की करवत आपोआप गरगरायची, तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत जायचा आणि हा सोंगट्या टाकून उठायचा. ‘एलिहिओच्या करवतीला आपल्याआधी कळतं,’ असं गल्ली कौतुकाने म्हणायची. गल्लीने मिळून कोंबडा पाळावा तशी ती करवत सगळ्यांची झाली होती.

खुर्च्यांची बैठक विणायचं काम त्याच्या धाकट्या भावाचं, फाउस्तोचं. त्याची बोटं वेतातून अशी पळायची की बघणाऱ्याला धागा दिसायचा नाही. एलिहिओची मुलगी युदेल्का, दहा वर्षांची, काकाशेजारी बसून वेत भिजवून द्यायची. पात्याखाली साठलेला भुसा कोंबड्यांच्या खुराड्यात पसरायचं कामही तिचंच.

एका दुपारी लाइट गेलेली असताना फाउस्तोला दिसलं की पात्याखाली लाकडाची कपची अडकली आहे. हात घालण्याआधी त्याने कोपऱ्याकडे तोंड करून भावाला विचारलं, करवत बंद आहे ना. एलिहिओने सोंगट्यांवरून मानही न उचलता उत्तर दिलं, “अरे, लाइटच नाही. आता काय चावणार आहे का तुला?”

आंब्याखाली हशा पिकला. फाउस्तोही हसला आणि त्याने हात आत घातला.

मग लाइट आली. वस्तीभर नेहमीसारखी आरोळी उठली. त्या आरोळीत फाउस्तोचा आवाज कुणाला वेगळा कळला नाही. फक्त युदेल्काला कळला, कारण ती भिजलेला वेत घेऊन त्याच्याजवळ उभी होती.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली ती गेलीच.

त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली. युदेल्काची आई नेरेइदा कॉफी करून करून थकली. येणारा प्रत्येकजण एकच बोलायचा. मेली लाइट, तिलाही नेमकं तेव्हाच यायचं होतं. काय नशीब बघा. युदेल्का दाराशी बसून ऐकायची. लाइट काय, ती तर मनाला येईल तेव्हाच येते, आजवर तशीच आली. बटण चालू होतं, त्याचं काय? ते कुणीच बोलत नव्हतं. बाबा तर मुळीच बोलत नव्हते. ते जेवायला बसायचे आणि उकडलेली कच्ची केळी नुसती चिवडत राहायचे.

फाउस्तो मात्र थट्टा करायचा. डॉमिनोत आता सोंगट्या लपवायला बोटांआड जागा उरली नाही म्हणायचा, इमानदारीनेच खेळावं लागणार. लोक हसायचे. ते गेले की तो अंगणातल्या खुर्चीत बसून, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, अर्धवट विणलेल्या बैठकीकडे बघत राहायचा.

एकदा तो एकटा असताना युदेल्काने विचारलं, “काका, बटण चालू होतं ना?”

“हो.”

“मग बाबांना सांगत का नाहीस?”

फाउस्तोने पायाने खुर्चीला झोका दिला. “त्याला ठाऊक आहे, पोरी. म्हणून तर घास उतरत नाही त्याच्या गळ्याखाली. मी नाही बोललो, तूही बोलू नकोस.”

युदेल्का बोलली नाही. आमच्याकडे मुलांनी बापाची चूक काढायची नसते, आणि इथे तर काकानेच तोंडाला कुलूप लावलं होतं. पण तिला झोप येईना. डोळा लागला की पातं फिरायचं, आणि पात्याजवळचा हात आता काकाचा नसायचा, बाबांचा असायचा.

काही आठवड्यांनी काम पुन्हा सुरू झालं. महामार्गावरचा दुकानदार खुर्च्यांसाठी निरोपांवर निरोप धाडत होता. एलिहिओने पडवी झाडली, मुलीला बजावलं की इथून पुढे उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि करवत सुरू केली. झाकण त्याने बसवलं नव्हतं. खुर्चीचा वाकडा पाय कापताना लाकूड पात्यात अडकलं, मोटर कण्हली, आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेली.

एलिहिओने कपाळाचा घाम पुसला. लाकूड तसंच अडकलेलं सोडून तो आंब्याकडे चालू लागला. मुद्दाम केलं असं नाही. इतक्या वर्षांची सवय, पायांना वाट पाठ होती.

युदेल्काने उंबरठ्यावरून वाकून पाहिलं. बटण चालू होतं. आता बाबा परत येणार, अडकलेलं लाकूड ओढणार, आणि मोकळं झालेलं पातं गरकन फिरणार. बटणापर्यंत जायचं तर पात्याजवळूनच हात घालावा लागला असता आणि आत जायला तिला बंदी होती. ती मागे फिरली. मग स्वयंपाकघरात गेली, चुलीशेजारचा प्लग दोन्ही हातांनी धरून उपटला आणि तो हातात घेऊन खिडकीत बसली. आईने विचारलं, हे काय चाललंय. तिने मूठ आणखी घट्ट केली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पडवीकडे पाहिलं, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

लाइट आली. आरोळी उठली. सगळ्यांचे रेडिओ बोलू लागले. करवत मात्र गप्प.

एलिहिओ कपाळाला आठ्या घालून आला. मोटर जळली की काय, असं पुटपुटत तो पडवीत शिरला, टेबलाशी वाकला आणि अडकलेलं लाकूड काढायला त्याने पात्याजवळ हात नेला.

“बाबा, बटण चालू आहे.”

त्याचा हात तिथेच थांबला. त्याने आधी खाली बटणाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मुलगी बसली होती आणि प्लग तिच्या मुठीत होता.

“तो प्लग लाव,” तो म्हणाला.

“आधी बटण बंद करा.”

“युदेल्का, मी काय सांगतोय?”

“नाही लावणार. मारा हवं तर.”

कोपऱ्यावरून आलेल्या कुणीतरी कुंपणावरून टोमणा हाणला, “काय एलिहिओ, घरात मुकादम बदलला वाटतं?” दोघंतिघं हसले. अंगणातल्या खुर्चीत फाउस्तो बसला होता, तो हसला नाही. त्याची खुर्ची झुलायची थांबली.

एलिहिओने भावाच्या हाताकडे पाहिलं. त्या दुपारनंतर तो प्रथमच सरळ तिकडे पाहत होता.  मग तो खाली वाकला. बटण बंद केल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. त्याने लाकूड हळूहळू सोडवून बाहेर काढलं, बाजूला ठेवलं, टेबलापासून दोन पावलं मागे सरला आणि दोन्ही तळहात मुलीला दिसतील असे वर धरून उभा राहिला.

युदेल्काने ते तळहात नीट पाहून घेतले. तिचे स्वतःचे हात घामाने ओले झाले होते. ते तिने झग्याला पुसले, पुरते कोरडे होईपर्यंत पुसले, आणि मग प्लग भिंतीत लावला.