बापानं आणलेली माशी

मधवाले बाबा म्हणजे पक्के हेकट. मधमाश्यांच्या चाळीस पेट्या, तीस वर्षांचा धंदा, आणि अंगावर डंख किती बसले याची मोजदाद केव्हाच सोडलेली. धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर ते स्वतः माशी टेकवायचे. "दोन-चार डंख खा, अंगवळणी पडतं." लेकीनं पेट्या सांभाळायचं ठरवलं, तेव्हा तिलाही तेच. पहिल्या डंखाला नुसती खाज आली, बाबा खूश. पंधरा दिवसांनी दुसरा दिला, तर दहा मिनिटांत पोरीच्या अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, ओठ निळे पडले. दवाखाना जवळ होता म्हणून वाचली.

"अहो, पहिल्यांदा तर काहीच झालं नव्हतं," बाबा म्हणाले.

"पहिल्यांदाच सगळं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा शरीरानं विष ओळखून ठेवलं. त्याच्यासाठी प्रतिद्रव्यं तयार करून पेशींवर पहाऱ्याला बसवली. दुसऱ्यांदा विष दिसताच त्या पेशींनी हिस्टामिन नावाचं रसायन ओतलं, नको तेवढं. विषानं नाही, त्या गडबडीनं हिचा जीव जात होता. तुमच्या अंगाला सवय झाली म्हणून हिच्याही होईल, असं नसतं."

बाबा घरी येऊन म्हणाले, पेट्या विकून टाकतो. लेक उसळली, "मला विचारलंत?" हेका तिनं बापाकडूनच उचललेला. तीन वर्षं ती दवाखान्यात त्याच विषाची सुई घेत राहिली, शरीरानं ते हळूहळू सोसावं म्हणून. आधी थेंबाचाही अंश, मग वाढवत वाढवत.

शेवटची परीक्षा खऱ्या माशीची, दवाखान्यातच, जीव वाचवायचं इंजेक्शन हाताशी ठेवून. माशी बाबांनी आपल्याच पेटीतून बाटलीत आणली. चिमट्यात धरली खरी, पण लेकीच्या मनगटापाशी नेऊन पुन्हा मागे घेतली.

"माझ्याच्यानं नाही होणार गं. मीच मारत होतो तुला."

"मारत नव्हतात. माहीत नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली. चिमटा तिनं काढून घेतला आणि माशी स्वतःच मनगटावर टेकवली.

दहा मिनिटं गेली, वीस गेली, तास झाला. मनगटावर वाटाण्याएवढी गाठ, बाकी काही नाही. बाबा सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. नर्स रक्तदाबाचा पट्टा घेऊन आली, तो लेकीनं बाबांच्या दंडाकडे वळवला.

"आधी यांचा बघा. मी ठणठणीत आहे. उद्या सकाळी पेट्या उघडायच्यात, मदतीला माणूस धड हवा."