साडेचारची खिडकी

आमच्या जेनोआत घरांच्या भिंतींवर खोट्या खिडक्या रंगवतात. जागा अरुंद आणि ऐट मोठी. खरी खिडकी पाडता येत नसेल तिथे रंगवायची. बावीस वर्षं मी हेच काम करते आहे. शिकवलं कोणी नाही. माझ्या नवऱ्याची, आम्पेलिओची, एक खिडकी अर्धी राहिली होती. ती पुरी करता करता हात बसला.

या धंद्यात आधी घराची वेळ ठरवतात. म्हणजे खिडकीच्या पट्ट्यांखाली जी सावली रंगवायची ती कुठल्या वेळच्या उन्हाची, हे. त्या वेळी खरी सावली आणि रंगाची सावली एका रेषेत येतात आणि खिडकी खरी वाटते. बाकीचा दिवस ती थोडं थोडं खोटं बोलत असते. दोरवाल्यांच्या गल्लीतल्या त्या उंच घराला आम्पेलिओने दुपारचे साडेचार दिले होते. पाचव्या मजल्यावरची शेवटची खिडकी रंगवताना तो परांचीवरून पडला.

आमच्याकडच्या हिरव्या झडपांना खालच्या बाजूला एक फळी असते. ती बाहेर ढकलून उचलली, की आपण कोणाला न दिसता गल्लीत कोण आलं-गेलं ते बघता येतं. त्याने ती उचललेली आखून ठेवली होती. मला तेव्हा ते जमेना, म्हणून मी ती बंदच रंगवली. त्यानंतर साडेचारला त्या गल्लीत पाय ठेवला नाही.

यंदा त्या घराच्या मालकांच्या बैठकीत ठरलं, की खोट्या खिडक्या पुरे झाल्या. सगळी भिंत सपाट पिवळी करायची. काम माझ्याकडेच आलं. पाचवा मजला सोमवारी व्हायचा होता.

त्याच आठवड्यात माझ्याकडे एक भाडेकरू उतरले होते, तुरीनचे ओत्ताविओ मास्तर. जन्मभर भूगोल शिकवला, आता आमचं शहर पायी बघायला आले होते. गुडघे बहुतेक तुरीनलाच विसरले होते. जेवताना वही उघडून दिवसभराची निरीक्षणं वाचायचे. जिने किती, मांजरं किती, पुढच्या दाराने तळमजल्यावर शिरलं तर मागच्या दाराने सातव्या मजल्यावरून रस्त्यावर कसं निघता येतं. मी हं हं करत वाढत असे.

शुक्रवारी त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “तुमच्या शहरात एकच माणूस सभ्य आहे, बाई. दोरवाल्यांच्या गल्लीत, पाचव्या मजल्यावर. रोज साडेचारला झडपेची फळी उचलतो. मी टोपी काढतो, तो हात हलवतो.”

“दिसायला कसा आहे?”

“चेहरा दिसत नाही. हात मनगटापर्यंत हिरवा. आणि फळी त्याला जड जात असावी हो. रोज जरा कमीच उचलली जाते.”

बेसनाची फारिनाता गार होतेय, खा, एवढंच मी म्हणाले. रात्रभर एकच हिशेब डोक्यात होता: सोमवारी मी ती भिंत सपाट करणार. आत कोणी असेल तर तो आतच राहणार.

शनिवारी चारला मी परांचीवर चढले. फळी बंद होती, मी रंगवली होती तशीच. पण तिच्या खालच्या कडेचा रंग सोलवटला होता, आणि सोलपटं बाहेरच्या बाजूला उचकटली होती.

बावीस वर्षांत कुंचल्याने शेकडो फळ्या उचलल्या होत्या, ही एक राहिली होती. आधी ती उचलली. मग वाटलं, नुसतं बघू देऊन काय होणार, आणि दोन्ही झडपा सताड उघड्या रंगवल्या. मधे काळोख भरला, काजळीचा काळा, त्यात चिमूटभर निळा. साडेचार झाले तशी कुंचल्याची सावली चौकटीच्या रंगवलेल्या सावलीला येऊन मिळाली. मी शेवटचा फटकारा मारला. कुंचला भिंतीला टेकायला हवा होता. टेकला नाही. हात कोपरापर्यंत गारव्यात गेला.

मी हात मागे घेतला. जवसाच्या तेलाचा वास आला, आणि त्याच्या त्या स्वस्त सिगारेटचा. परांचीवर कोणाला वाट द्यावी तशी मी अंग चोरून उभी राहिले. परांचीची माझ्या शेजारची फळी वाकली. मग शिडीची पहिली पायरी करकरली, मग दुसरी. एकदा पडलेला माणूस उतरतो तसं, जपून.

“हळू,” मी म्हटलं. “बावीस वर्षं गेली, आणखी दोन मिनिटं जाऊ देत.”

सोमवारी सकाळी त्या जागी पिवळा रंग दिला. भिंत भिंतीसारखी हाताला लागली.

दुपारी मास्तर निघायच्या घाईत होते. त्यांच्या त्या सभ्य माणसाने घर सोडलं वाटतं, म्हणाले. काल खालून आपल्या डोंगरावरच्या वस्तीत येणाऱ्या सार्वजनिक लिफ्टमध्ये भेटला. हात तोच, हिरवा.

“हरवल्यासारखा होता बिचारा. म्हणाला, सगळ्या घरांचे रंग बदललेत. कोणाकडे जायचंय विचारलं, तर म्हणे, ज्या घराच्या झडपेची फळी उचललेली असेल त्या घरी. आता असा काय पत्ता असतो का, बाई?”

नसतो, मी म्हणाले, आणि त्यांची बॅग दारापर्यंत नेऊन दिली.

मग स्वयंपाकघरात आले. गल्लीत कोण आलं-गेलं ते बघायची मला हौस नाही, म्हणून माझ्या झडपेची फळी कायम बंद असते. बिजागरी गंजली होती, पण हाताला जड लागली नाही. उचलून खाली काठी टेकवली आणि दुसरं ताट घेतलं. चार वीस झाले होते.