एकच लाल अहवाल

ग्रीतने सुपाचा वाडगा बाजूला सरकवला आणि लॅपटॉपवरच्या यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. हिरवं, हिरवं, हिरवं, आणि मधेच एक लाल.

"कोणाचा आहे?" शेजारी बसलेल्या लुतगार्तने मान लांब करून विचारलं.

"दुसऱ्या कोणाचा असणार? म्हाताऱ्याचा. त्यांना हिरवा रंग सोसतच नाही."

"म्हाताऱ्याचे कान शाबूत आहेत बरं का," खिडकीपाशी चीज-पाव खात बसलेला त्यालिंग म्हणाला. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

लुतगार्त फिसकन हसली. ग्रीतला मात्र हसू आलं नाही.

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या वरच्या मजल्यावर ही मंडळी जमली होती. पर्ल भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं एक सामायिक भांडार आहे. कोणी काही उपयोगाचं लिहिलं की ते तिथे ठेवतो, ज्याला हवं तो उचलतो, पैसा कोणी मागत नाही. पण ठेवताना सोबत चाचण्याही ठेवायच्या, असा रिवाज आहे. माझ्या प्रोग्रामला हे विचारलं तर हे उत्तर यायला हवं, असं आधीच लिहून द्यायचं. मग जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी मशीनं मांडून बसलेले असतात. भांडारात नवीन काही आलं की त्यांची मशीनं ते आपणहून उतरवून घेतात, चाचण्या चालवतात आणि अहवाल पाठवतात. पास झालं तर हिरवा, नापास झालं तर लाल. ही सगळी यंत्रणा सांभाळणारे लोक दर वसंतात एकत्र येतात. भाषणं नाहीत, हारतुरे नाहीत. लांब टेबलं, वायरींचं जंजाळ आणि कॉफी. लुतगार्तने यंदाची व्यवस्था अंगावर घेतली होती.

ग्रीतचा प्रोग्राम छोटासाच होता. माणसाने टाइप केलेलं वजन वाचायचं आणि मशीनला कळेल असा आकडा करून द्यायचा. छोटा असला तरी तो कित्येक ठिकाणी वापरात होता, आणि कित्येक वर्षांत त्याच्या वाट्याला लाल अहवाल आला नव्हता. आज सकाळीच सगळ्यांनी त्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर तिने नवी आवृत्ती भांडारात चढवली, आणि त्यालिंगच्या मशीनने ती नापास केली.

"त्यालिंग, तुमच्या त्या कोठारातल्या मशीनमध्येच काहीतरी खोट आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं जग हिरवं आहे."

"असेल खोट. गाईच्या शेजारी ठेवलंय ते." त्यालिंग नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडचा. बोलताना घाई करणं त्याला माहीत नव्हतं. "पण पोरी, अहवाल वाचलास, की नुसता रंगच बघितलास?"

"वेळ नाहीये मला. चार वाजता वानेसकडे ही आवृत्ती बसणार आहे."

"कुठला वानेस?"

"गेंटच्या आपल्या दर महिन्याच्या बैठकीला यायचा ना, बिअर सांडणारा? तो आता मुलांच्या हॉस्पिटलात आहे. नवजात बाळांच्या वॉर्डात आजपासून संगणकाचा नवा पडदा लागतोय. नर्सने बाळाचं वजन टाकायचं, सलाईन किती वेगाने सोडायचं ते पडदा सांगणार. वजन वाचणार माझा प्रोग्राम."

त्यालिंगने पाव खाली ठेवला. हात पँटला पुसून तो तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"माझा लाल राहू दे. एखादा हिरवा उघड."

"हिरव्यात काय बघायचं?"

"उघड तर."

तिने वैतागून एक उघडला. चाचण्यांची नावं एकाखाली एक होती. पास, पास, पास. मधे एक ओळ वेगळी होती: वगळली, या मशीनवर डच मांडणी नाही. पुढे पुन्हा पास. सगळ्यात शेवटी, सर्व चाचण्या यशस्वी.

"आता दुसरा," त्यालिंग म्हणाला.

दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. ग्रीत भराभर उघडत गेली. जपानमधलं मशीन असो, ब्राझीलमधलं असो, त्या एका चाचणीपुढे सगळीकडे एकच शब्द होता: वगळली.

ती ओळ तिनेच लिहिली होती. त्यांच्यात ही एक सभ्यता मानतात. एखादी चाचणी दुसऱ्याच्या मशीनवर चालणंच शक्य नसेल, तर उगाच नापास होऊन त्याला त्रास देऊ नये. नम्रपणे बाजूला व्हावं. तिच्याकडे आकडे डच पद्धतीने लिहितात, एक पूर्णांक नऊ किलो असेल तर १,९ असं, टिंबाच्या जागी स्वल्पविराम देऊन. ते बरोबर वाचलं जातंय का, एवढंच ती चाचणी पाहायची. पण हौशी लोकांची मशीनं इंग्रजी मांडणीची. प्रोग्राम लिहिणारे सगळे तेच करतात. तिचा स्वतःचा लॅपटॉपसुद्धा तसाच होता. म्हणजे ती चाचणी खरोखर चालायची ती फक्त एका कोठारात, गाईच्या शेजारी.

तिने लाल अहवाल उघडला.

मिळालं १९. हवं होतं १.९.

"अरे देवा," लुतगार्त हळूच म्हणाली.

ग्रीतला लगेच आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी एका अमेरिकन माणसाने लिहिलं होतं की आम्ही हजारापुढे स्वल्पविराम देतो, तो काढून टाक ना. तिने सगळेच स्वल्पविराम काढून टाकले होते. प्रोग्रामच्या लेखी दोन किलोंहून कमी वजनाचं बाळ एकोणीस किलोंचं झालं होतं, आणि तेव्हापासून सगळं हिरवं होतं.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा ते मशीन इंग्रजीतच होतं. या हिवाळ्यात डच केलं. आणि त्यानंतर तू पहिल्यांदाच नवं काही चढवलंस."

तिने वानेसला फोन लावला. वाजत राहिला. हॉस्पिटलच्या मुख्य क्रमांकावर लावला, तर आधी बराच वेळ संगीत, मग एक बाई. "संगणक विभाग का? जोडून देते हं." पुन्हा संगीत. मग फोन आपोआप कट.

"वानेसचा फोन लॉकरमध्ये असणार," ग्रीत म्हणाली. "त्या वॉर्डात आत नेऊ देत नाहीत."

लुतगार्त उठून हेल्मेट शोधायला लागली. "मी जाते सायकलने. ट्रामपेक्षा लवकर पोचेन."

"दारावर अडवतील तुला."

"अडवू देत. आरडाओरडा करीन." आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही, असं ग्रीतने ठरवलं आणि बघितलं. साडेतीन होऊन गेले होते.

"दुरुस्त करते," ती म्हणाली. बोटं कळांवर धावायला लागली. "दोन ओळींचं काम आहे. स्वल्पविराम आला की त्याचं टिंब करायचं."

"आणि कोणी ग्रॅममध्ये वजन टाकलं तर? एक हजार नऊशे, हजारापुढे स्वल्पविराम देऊन?"

बोटं थांबली. मग त्या बाळाचं वजन दोन ग्रॅमही भरणार नव्हतं.

"घाईत एक भोक बुजवशील आणि शेजारी दुसरं पाडशील," त्यालिंग म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "आणि या वेळी तपासायला जग नाही तुझ्यामागे. वेळच नाही."

"मग जुनी आवृत्ती परत चढवू? जुनीतही तेच आहे! भांडारातून काढून टाकू? काढलं तरी ठिकठिकाणच्या नकलांमध्ये राहतंच. वानेसचं मशीन तिथून उचलेल." तिचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "नर्सच्या लक्षात येईल ना? एकोणीस किलोंचं बाळ! कोणाच्याही लक्षात येईल!"

"वजन ती स्वतः १,९ असंच टाकणार. पडद्यावर दिसणार फक्त सलाईनचा वेग." त्यालिंग म्हणाला. "येईलही लक्षात. तू त्यावर सोडणार आहेस का?"

ग्रीतने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. वानेस काय करेल? त्याचं मशीन, तेही इंग्रजी मांडणीचंच, भांडारातून सगळ्यात नवी आवृत्ती घेईल. बसवायच्या आधी चाचण्या चालवेल. पास झाल्या तर बसवेल. नापास झाल्या तर...

तिने हात खाली घेतले.

"नापास झाल्या तर बसवणारच नाही," ती मोठ्याने म्हणाली.

"कोण?"

"मशीन! नापास झालेली आवृत्ती ते बसवतच नाही. मला दुरुस्त करायचंच नाहीये, त्यालिंग. मला नापास व्हायचंय."

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. मग त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला.

तिने एक नवी चाचणी लिहिली. तिच्यात विचारायचं काहीच नव्हतं. कुठल्याही मशीनवर, कुठल्याही मांडणीत, सगळ्यात आधी चालायचं, नापास व्हायचं आणि बाकीचं सगळं तिथल्या तिथे थांबवायचं. खाली तिने निरोप लिहिला. आवृत्तीचा क्रमांक एकाने वाढवला. मग चढवायच्या कळेवर बोट ठेवून ती क्षणभर थांबली. आपलीच चाचणी मुद्दाम नापास करून जगभर पाठवायची, असं आजवर तिने कधी केलं नव्हतं.

तिने कळ दाबली.

आता वाट बघणं आलं. भांडाराच्या यादीत नवं नाव चढायला थोडा वेळ लागतो, कधी मिनिटं, कधी त्याहून बराच जास्त. ती यादीचं पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली. अजून नाही. अजून नाही.

"एक विचारू?" त्यालिंग म्हणाला. "तो वानेस चाचण्या न चालवता तर बसवत नाही ना? तशी सोय असते. घाई असली की लोक वापरतात."

वानेस आळशी नव्हता, पण उतावळा होता. बिअर काही उगाच सांडत नसे.

"माहीत नाही," ती म्हणाली.

यादीत नाव चढलं. लगेच पहिला अहवाल आला. लाल. मग दुसरा. मग धडाधड. जपान लाल, ब्राझील लाल, पोलंड लाल. पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "ग्रीत, तुझं घर पेटलंय!"

"मीच पेटवलंय," ती म्हणाली. तिची नजर फोनवर होती.

चार वाजले. चार वाजून गेले. फोन गप्प होता. लुतगार्तचाही पत्ता नव्हता. त्यालिंग उठला, कॉफी घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवली. तिने कपाला हात लावला नाही.

फोन वाजला तेव्हा तिने तो इतक्या घाईने उचलला की हातातून निसटला आणि टेबलाखाली गेला. ती गुडघ्यांवर बसून तिथूनच बोलली.

"वानेस?"

"काय करून ठेवलंयस तू!" वानेस वॉर्डातल्या फोनवरून बोलत होता, आणि संतापला होता. "बसतच नाहीये! सगळा वॉर्ड खोळंबलाय, मुख्य नर्स माझ्याकडे बघतेय, आणि शिवाय तुझी ती लुतगार्त खाली दारात शिपायाशी भांडतेय!"

"चाचण्या चालवल्यास तू?"

"चालवल्या म्हणूनच तर अडलंय! एकदा वाटलं, जाऊ दे, न चालवताच टाकावं. कळेवर बोट होतं माझं. पण नर्स म्हणाली, लाल अक्षरांत काय लिहिलंय ते आधी वाच."

"मग वाच. मोठ्याने."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग तो वाचायला लागला. "थांबा. ही आवृत्ती वापरू नका, आधीचीही वापरू नका. स्वल्पविराम देऊन लिहिलेलं वजन दहापट धरलं जातं. चूक माझी आहे. ग्रीत." मग पुन्हा तोच शब्द. "दहापट?"

"दहापट. कालपर्यंत करत होतात तसं हातानेच करा, वानेस. पडदा आज नाही, उद्याही नाही. मी सांगेन तेव्हाच."

त्याच्या मागे कुठेतरी एक बाळ रडत होतं. आवाज पातळ होता, पण त्यात दम होता. ग्रीत तशीच टेबलाखाली बसून ऐकत राहिली.

"ऐक," ती शेवटी म्हणाली, "मुख्य नर्सला फोन दे."

"कशाला? चिडलीये ती."

"चिडू दे. वजन ती कशी लिहिते ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. इतकी वर्षं मी आपली अंदाजानेच लिहीत आले."

फोन हातातून हातात गेला. एक भारदस्त आवाज आला. "बोला. पण लवकर, मला बाळांकडे जायचंय."

"बाई, तुम्ही वजन किलोत टाकता की ग्रॅममध्ये?"

"दिवसपाळीत किलोत. रात्रपाळीवाल्या ग्रॅममध्ये टाकतात. घाईत असलो तर बोटाला येईल तसं." मग तिनेच विचारलं. "का हो? हे आधी कोणी विचारलंच नाही."

ग्रीतने टेबलाखालून हात वर केला आणि बोटांनी खूण केली. त्यालिंगने लॅपटॉप उचलला, कण्हत खाली वाकला आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"सावकाश सांगा," ग्रीत म्हणाली. "किलोतलं आधी."