ठाणेदार नाही म्हणते

आसगावच्या वासुदेवरावांना जन्मात एक शब्द कधी बोलता आला नाही. तो शब्द म्हणजे 'नाही'. बाकी तोंड चांगलं चालायचं, पण समोरच्याने काही मागितलं की जीभ टाळूला चिकटायची आणि नरड्यातून आपोआप 'हाव', म्हणजे 'हो', निघायचं. त्यांची शिडी वर्षातले दहा महिने परक्या भिंतींना टेकलेली असे. फवारणीचा पंप सध्या कोणाकडे आहे, हे ते स्वतःच गावभर विचारत फिरत. मोटरसायकल तर गावातल्या गोपीचंदच्या दारातच मुक्कामाला असायची. पवनीला जायचं झालं की वासुदेवराव त्याच्याकडे जाऊन विचारायचे, "आज लागते काय गा तुले गाडी?" स्वतःचीच गाडी मागायला जाणारा माणूस उभ्या तालुक्यात दुसरा नसेल. त्यांची बायको मनकर्णाबाई कपाळावर हात मारून मारून थकली आणि शेवटी तिने तेही सोडून दिलं.

अशा माणसाच्या घरी एक कुत्रा होता, त्याचं नाव ठाणेदार. दिसायला गावठीच, पण कान लांब आणि लोंबते. दिवसातून दोनदा घरामागच्या बोडीत, म्हणजे गावच्या त्या लहानशा तळ्यात, यथेच्छ डुंबायचा आणि ओल्याच कानांनी छपरीत, घरापुढच्या पडवीत, येऊन झोपायचा. कुत्र्याचे कान कोरडे करायचे असतात हे आसगावात कोणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. तिथे माणसांचे कान पुसायला सवड नव्हती, तर कुत्र्याचे कोण पुसतो?

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. गोपीचंद आला आणि म्हणाला, "काका, चार दिवस गाडी नेतो. साळीच्या पोराचं साक्षगंध आहे." वासुदेवराव 'हाव' म्हणणार, तोच पायाशी बसलेल्या ठाणेदाराने मान जोरात डावीकडे-उजवीकडे हलवली, कान फटफट वाजले. गोपीचंद थबकला. वासुदेवरावांच्या तोंडून, कसं कोण जाणे, निघून गेलं, "पाहा ना गा, ठाणेदार नाही म्हणते." गोपीचंद हसला, डोकं खाजवलं आणि खरंच निघून गेला. त्या रात्री मोटरसायकल घरच्या अंगणात होती. वासुदेवराव दोनदा उठून तिला पाहून आले.

माणसाला चटक लागायला एवढं पुरतं. शिडी मागायला कोणी आलं की वासुदेवराव म्हणायचे, "ठाणेदाराले विचारून पाहू." ठाणेदार मान झटकायचा. पंप? मान झटकायचा. लोकही वस्ताद. चार महिन्यांत त्यांनी आपापले प्रश्न घेऊन यायला सुरुवात केली. राइस मिलवाले मधुकरराव नवीन यंत्र घेणार होते, कुत्र्याने नाही म्हटलं, त्यांनी घेतलं नाही, आणि पंधरा दिवसांत तेच यंत्र दुसऱ्या गावच्या मिलमध्ये बंद पडलं. झालं. मधुकरराव म्हणजे गावातला वजनदार माणूस. त्यांनी छपरीत सगळ्यांसमोर हात जोडले, मग काय विचारता. नारळ आले, बिस्कीटपुडे आले, कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढून गावोगाव पाठवला. साकोलीहून दोघे जण फक्त 'नाही' ऐकायला बस बदलून आले.

कुत्रा प्रत्येकालाच नाही म्हणतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नसेल असं समजू नका. ज्याच्या ध्यानात आलं त्याने फायदा घेतला. गोपीचंदने बायकोसमोर उभं राहून विचारलं, "ठाणेदार, मी दारू सोडू काय?" ठाणेदाराने मान हलवली. गोपीचंद बायकोला म्हणाला, "पाह्य, मी तयार होतो." त्याची बायको शकुनबाई आठवडाभर त्या कुत्र्याकडे पाहत नव्हती. मनकर्णाबाईनेही एका संध्याकाळी चुलीपासून हाक दिली, "काय रे ठाणेदार, या माणसाले आज जेवाले वाढू काय?" वासुदेवराव त्या रात्री पाणी पिऊन झोपले.

त्यात कोणीतरी शास्त्र काढलं की याला आंघोळ घालू नये, शक्ती धुऊन जाते. ठाणेदाराचं पाणी बंद झालं, ते फक्त बोडीपुरतं उरलं. नखं वाढून वाकडी झाली. त्याच्या खापरात कालच्या भातावर आजचा भात पडत गेला. तो झोपायचा ते पोतं कोणी झटकलं नाही. मानेवर गोचीड तांदळाएवढे होते ते चण्याएवढे झाले. आणि कानातून वास यायला लागला. वासुदेवरावांनी एकदा कान उलटून पाहिला होता. आत काळपट तपकिरी चिखल आणि लालभडक कातडी. त्यांनी कान पुन्हा खाली सोडला आणि त्यावरून हात फिरवला. ते समजायचं ते समजले होते, पण अंगणात मोटरसायकल उभी होती.

मग खरं संकट आलं. मधुकररावांनी निरोप धाडला की वासुदेवरावांची मुलगी हर्षा आपल्या पुतण्याला, चंद्रकुमारला, करायची. पंधरा दिवसांनी रविवारी येतो, सुपारी फोडून टाकू. चंद्रकुमार वाईट नव्हता, फक्त गेली सहा वर्षं तो 'काहीतरी करणार' होता. आणि हर्षा पशुसंवर्धनाची पदविका पुरी करून नागपूरच्या होस्टेलवरून परत यायची होती. साकोलीच्या एका खासगी जनावरांच्या दवाखान्यात तिची नोकरी पक्की झाली होती, रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी रुजू व्हायचं होतं. मधुकररावांच्या घरची सून नोकरीला जात नसते, हेही निरोपात होतं.

मधुकररावांना नाही म्हणणारा माणूस आसगावात जन्मलेला नव्हता. पण निरोपाच्या शेवटी एक वाक्य होतं: 'ठाणेदाराले विचारू. तो नाही म्हणाला तर आपलं काही म्हणणं नाही.' ते ऐकून वासुदेवराव ढाराढूर झोपले.

हर्षा आली त्या रविवारच्या आठ दिवस आधी, शनिवारी. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने नाक वर केलं. "कायचा वास येऊन राहिला व आई?"

"देवाचा," मनकर्णाबाई म्हणाली.

हर्षा ठाणेदाराजवळ बसली, कान उचलला आणि आत वाकून पाहिलं. मग बापाकडे वळली. "बाबा, हा नाही म्हणून नाही राहिला. याचा कान सडून राहिला. खाज सुटते म्हणून डोकं झटकते हा."

"असं काय," वासुदेवराव म्हणाले.

"तुमाले माहीत नव्हतं?"

इथे 'नाही' म्हणायची चांगली संधी होती. पण तो शब्द त्यांना येत नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

हर्षाने तिथूनच साकोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला, कानाचे फोटो पाठवले आणि पवनीहून औषध आणायला मोटरसायकलची किल्ली मागितली. वासुदेवराव किल्ली मुठीत धरून उभे राहिले. "पोरी, पुढच्या रविवारपर्यंत राहू दे न. मधुकरराव येऊन जाऊ दे. मंग तू म्हणशील तसं धुऊ त्याले."

"कायले?"

त्यांनी सगळं सांगितलं. सुपारी, चंद्रकुमार, निरोपातलं शेवटचं वाक्य. हर्षाने ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं लग्न कुत्र्याच्या कानातल्या घाणीनं मोडाचं?"

"मोडते तर खरी न."

"आणि त्याले आठ दिवस ठणकत ठेवाचं?" तिने ठाणेदाराचा कान हलकेच खाली सोडला. "मले नाही कराचं ते लग्न, बाबा. पण याले असं ठेवून त्यातून सुटका तर मुळीच नको. तुमी सांगा मधुकररावांले. तोंड दिलं आहे न देवानं."

"मले कुठं येते व ते," वासुदेवराव म्हणाले, आणि ते इतक्या खरेपणाने म्हणाले की मनकर्णाबाईने चुलीकडे तोंड फिरवलं. हर्षाने हात पुढे केला. बापाने मूठ उघडली.

संध्याकाळी छपरीत काम सुरू झालं. वासुदेवरावांनी ठाणेदाराला मांडीत धरला. हर्षाने कानात औषध सोडलं, कानाच्या बुडाशी हलकेच चोळलं, आणि आतून वर आलेली घाण कापसाने टिपून काढली. "काडी घालाची नाही आत कधी, पडदा फाटते," ती म्हणाली. दोन कानांतून एवढं काही निघालं की मनकर्णाबाई पाहायला आली आणि पदर नाकाला लावून परत गेली. ठाणेदार आधी कण्हला. मग त्याने बापड्याने डोळे मिटले, सगळं वजन वासुदेवरावांच्या छातीवर टाकलं आणि लांब श्वास सोडला. वासुदेवरावांना लाज वाटली. इतकी वाटली की त्यांनी कुत्र्याच्या मळक्या डोक्यावर गाल टेकवला आणि कितीतरी वेळ वर पाहिलं नाही.

मग हर्षा थांबलीच नाही. गोचीड काढले, नखं थोडी-थोडी कापली, बोटांच्या मधली माती धुतली, दातांवरून ओलं फडकं फिरवलं. खापर घासलं, पोतं उकळलं. बापाला म्हणाली, "जेवण दिलं म्हणजे कुत्रा पाळला असं नसते. बोडीतून आला की कान पुसाचे. रोज." वासुदेवराव शिकले. कानात औषध सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, असं तेच घालू लागले. आणि रोज मनात मोजत राहिले. सोमवारी मान चाळीसदा हलली, बुधवारी अकरा, शुक्रवारी दोनदा. कुत्रा बरा होत होता आणि धन्याला घाम फुटत होता.

गावातही गडबड उडाली. शनिवारी गोपीचंद गंमत म्हणून पुन्हा विचारायला आला, "दारू सोडू काय?" ठाणेदार स्वच्छ कान खाली सोडून त्याच्याकडे शांतपणे पाहत राहिला. मागे शकुनबाई उभीच होती. "झालं," ती म्हणाली, "आता सोडा." गोपीचंद दिवसभर सुतकात असल्यासारखा बसून होता.

रविवारी मधुकरराव आले. पांढराशुभ्र पोशाख, सोबत चंद्रकुमार, नारळ, सुपारी आणि अर्धं गाव. छपरीत सतरंजी अंथरली होती. हर्षा दाराशी उभी होती. तिने बापाकडे एकदा पाहिलं, मग पाहिलं नाही.

"ठाणेदार," मधुकरराव हात जोडून म्हणाले, "ही सोयरीक होऊ देऊ काय, सांग बाप्पा."

वासुदेवरावांनी मनातल्या मनात हात जोडले. एकदा, फक्त एकदा हलव. ठाणेदार उठला. मधुकररावांच्या जोड्याचा वास घेतला. आळोखेपिळोखे देऊन त्यांच्या पायावर हनुवटी ठेवली आणि शेपटी हलवत डोळे मिटले.

"हाव म्हणते," कोणीतरी पुटपुटलं. मधुकररावांचा चेहरा फुलला. चंद्रकुमारने सुपारी पुढे केली. मधुकरराव म्हणाले, "बोला वासुदेवराव, हाव न?"

वासुदेवराव उभे राहिले. जीभ टाळूला चिकटली. 'हाव' नरड्यात येऊन बसलं, साठ वर्षांची सवय त्याला मागून ढकलत होती. त्यांनी दाराकडे पाहिलं. पोरगी जमिनीकडे पाहत होती आणि तिचे हात ओढणीत गुंडाळलेले होते, लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी आईच्या पदरात गुंडाळले होते तसेच. वासुदेवरावांची मान आधी हलली. डावीकडे, उजवीकडे. मग आवाज आला.

"नाही."

मधुकररावांनी खाली कुत्र्याकडे पाहिलं, मग वर. "कोण नाही म्हणते?"

"मी."

"पण ठाणेदार तर..."

"तो कुत्रा आहे, मधुकरराव," वासुदेवराव म्हणाले. "पोरगी माझी आहे. तिले हे लग्न नाही कराचं. उद्या तिले साकोलीले कामावर जाचं आहे."

रागावायचं की नाही हे कोणाला विचारावं तेच मधुकररावांना समजेना. शेवटी त्यांनी पाय हळूच कुत्र्याच्या हनुवटीखालून काढून घेतला, नारळ उचलला आणि गेले. चंद्रकुमार सुपारी खिशात टाकत म्हणाला, "मलेही आता कराचंच नव्हतं, काका. पण त्यायले सांगणार कोण?"

गर्दी पांगताना गोपीचंद म्हणाला, "काका, जरा गाडी..."

"नाही," वासुदेवराव म्हणाले.

मनकर्णाबाईने आतून विचारलं, "चहा ठेवू काय?"

"नाही," वासुदेवराव म्हणाले, आणि लगेच, "ठेव, ठेव. तोंडातून निघून गेलं."

सोमवारी सकाळी हर्षा पिशवी घेऊन अंगणात आली. ठाणेदाराचे कान तिने स्वतः पुसले आणि फडकं बापाच्या हातात दिलं. गावकऱ्यांसारखी ती गमतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ न मी?" मग हसली आणि वर पाहिलं. "जाऊ न, बाबा?"

घर रिकामं होणार होतं. संध्याकाळी त्या छपरीत कोण बसणार होतं? वासुदेवरावांना आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मनापासून म्हणावासा वाटला, आणि आता तो त्यांना येत होता. अगदी जिभेच्या टोकावर होता. ठाणेदार त्यांच्याकडे पाहत होता, मान जराही न हलवता.

"हाव," वासुदेवराव म्हणाले. "जा."